लिथियम बॅटरीतील फॉस्फेटची स्फटिकरचना कशी अभ्यासावी

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी प्रकल्पाच्या दिवसांत एक्सआरडीचा (क्ष-किरण विवर्तनाचा) आलेख घेऊन येतात आणि ‘सर, सगळे पीक कार्डाशी जुळले’ असे मोठ्या समाधानाने सांगतात. पीक म्हणजे आलेखातील उंच टोक आणि कार्ड म्हणजे त्या पदार्थाच्या प्रमाणित आलेखाची नोंद. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या, म्हणजेच एलएफपीच्या बाबतीत अभ्यास खरे तर त्या क्षणी सुरू होतो. पीक जुळल्याने सांगाडा बरोबर उभा राहिला एवढेच कळते. लिथियमच्या जागी लिथियमच बसले आहे की तिथे लोखंडाने ठाण मांडले आहे, हे त्यावरून कळत नाही. बॅटरी नीट चालणार की नाही, हे मात्र बव्हंशी त्या जागेवरच ठरते. नांदेड, परभणी, लातूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथील महाविद्यालयांत उपलब्ध असणाऱ्या साधनांनी हा अभ्यास कुठपर्यंत नेता येतो आणि पुढे कोणाचे दार ठोठवावे लागते, ते येथे क्रमाने मांडले आहे.

रचना आधी समजून घ्यावी

मोजणीला हात घालण्यापूर्वी रचना डोळ्यांसमोर उभी करावी. एलएफपीची रचना ऑलिव्हिन या खनिजाच्या घराण्यातली आहे. वेरूळ-अजिंठ्याची लेणी ज्या बेसॉल्टमध्ये कोरली आहेत, त्या दख्खनच्या काळ्या खडकाच्या काही थरांत ऑलिव्हिन कमी-अधिक प्रमाणात आढळते. त्यात सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन आणि मॅग्नेशियम किंवा लोखंडाभोवती सहा ऑक्सिजन असतात. सिलिकॉनच्या ठिकाणी फॉस्फरस कल्पावा, धातूच्या दोन प्रकारच्या जागांपैकी एकीवर लिथियम आणि दुसरीवर लोखंड बसवावे, की आपला पदार्थ तयार झाला. निसर्गात तो ट्रिफिलाइट या नावाने सापडतो. बॅटरीसाठी त्याचा उपयोग होऊ शकतो हे पाढी, नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ यांनी टेक्सास विद्यापीठातून १९९७ मध्ये दाखवून दिले. गुडइनफ यांना पुढे २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

या रचनेचा स्पेस ग्रुप, म्हणजे सममितीचा प्रकार, पीएनएमए असून तिची युनिट सेल, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी लहानात लहान पेटी, काटकोनी, पण तीन असमान बाजूंची आहे: ए सुमारे १०.३३, बी सुमारे ६.०१ आणि सी सुमारे ४.६९ अँगस्ट्रॉम (नॅनोमीटरचा दहावा भाग). आकारमान साधारण २९१ घन अँगस्ट्रॉम भरते आणि एका सेलमध्ये चार सूत्रे मावतात. येथे एक खाचखळगा आहे. काही जुनी कार्डे आणि शोधनिबंध हीच रचना पीएमएनबी या मांडणीत देतात; त्यात अक्षांची नावे बदलतात आणि १०.३३ ची बाजू बी होते. रचना तीच राहते, पण पीकचे निर्देशांक, म्हणजे (२००) सारखी प्रतलांची नावे, बदलतात. एका निबंधातील निर्देशांक आणि दुसऱ्यातील अक्ष एकत्र करून तयार झालेले तक्ते मी अनेकदा पाहिले आहेत, म्हणून पहिल्याच दिवशी एक मांडणी निवडून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. या लेखात सर्वत्र पीएनएमए धरले आहे.

लिथियमचे अष्टफलक (सहा ऑक्सिजनांनी वेढलेल्या आठ बाजूंच्या आकृती) कडेला कड लावून बी अक्षाच्या दिशेने एका ओळीत बसतात. लोखंडाचे अष्टफलक एकमेकांना केवळ कोपऱ्यांनी जोडलेले असतात आणि फॉस्फेटचे चार ऑक्सिजनांचे चतुष्फलक त्या सर्वांना बांधून ठेवतात. फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचा बंध इतका घट्ट असतो की पदार्थ तापला तरी ऑक्सिजन सहजासहजी सुटत नाही. या बॅटऱ्या तुलनेने सुरक्षित मानल्या जातात, त्याचे मूळ येथे आहे. त्याच रचनेची दुसरी बाजू अशी की लिथियमला हलण्यासाठी बी अक्षाच्या दिशेचा एकच बोळ मोकळा असतो. हे आधी गणिताने सुचवले गेले आणि २००८ मध्ये जपानी संशोधकांनी न्यूट्रॉन विवर्तनाने तो मार्ग प्रत्यक्ष दाखवला. तो सरळ नसून किंचित नागमोडी आहे. बोळ अरुंद आणि एकेरी असल्यामुळे त्यात मध्येच एक लोखंड बसले तर मागचे लिथियम अडकते, कारण वळसा घालायला दुसरी वाट नसते.

हे किती गंभीर आहे, ते साध्या हिशोबाने पाहता येते. बोळात दर ३ अँगस्ट्रॉमला लिथियमची एक जागा असते. कण बी अक्षाच्या दिशेने १०० नॅनोमीटर लांब असेल, तर एका बोळात सुमारे ३३० जागा येतात. त्यांपैकी १ टक्का जागांवर लोखंड असेल, तर प्रत्येक बोळात सरासरी तीन अडथळे पडतात आणि दोन अडथळ्यांमधले लिथियम कोंडले जाते. कण ३० नॅनोमीटरचा असेल तर अडथळा सरासरी एकच येतो आणि दोन्हीकडचे लिथियम आपापल्या टोकाने बाहेर पडू शकते. कणाचा आकार आणि लोखंडाची ही अदलाबदल या दोन गोष्टी एकत्रच का मोजाव्या लागतात, ते यावरून लक्षात यावे.

नमुना

नमुना स्वतः तयार करायचा असेल, तर फॉस्फेटचा स्रोत म्हणून अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट शुद्ध प्रतीचेच घ्यावे. पेरणीच्या दिवसांत आपल्याकडे घरोघरी येणारे १८:४६ चे डीएपी हेही अमोनियम फॉस्फेटच आहे, म्हणून ‘ते चालेल का?’ असा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतोच. खताच्या प्रतीत इतर धातू आणि भरड अपद्रव्ये असतात. ती रचनेत शिरतात आणि मग काय मोजत आहोत हेच कळेनासे होते.

भट्टीत ६०० ते ७०० अंश सेल्सिअसला आर्गॉनचा, शक्य असल्यास थोडा हायड्रोजन मिसळलेल्या आर्गॉनचा प्रवाह सतत हवा. भारनियमनाचे वेळापत्रक पाहूनच भट्टी लावावी. वीज गेली म्हणून आम्ही एकदा वायूही बंद केला आणि गरम नमुन्यात हवा शिरली. दुसऱ्या दिवशी भुकटीवर तांबूस छटा होती आणि आलेखात ३३.२ अंशांजवळ हेमॅटाइटचा पीक उभा होता. हवेत तापल्यावर एलएफपीचे रूपांतर फेरिक (तीन धनभारांच्या) लोखंडाच्या दुसऱ्या एका लिथियम फॉस्फेटमध्ये आणि फेरिक ऑक्साइडमध्ये होते. तेव्हा वीज गेली तरी नळी पूर्ण थंड होईपर्यंत वायूचा प्रवाह चालूच ठेवावा.

एक्सआरडीला पाठवण्यापूर्वी अगदी फुकटातल्या दोन चाचण्या कराव्यात. पहिली रंगाची: कार्बनचे आवरण नसलेला चांगला नमुना फिकट राखाडी-हिरवट दिसतो, कार्बन असल्यास काळा, तांबूस किंवा पिवळसर झाक आली तर फेरिक लोखंडाची शंका घ्यावी. दुसरी साध्या लोहचुंबकाची: काचेच्या नळीबाहेरून साधा चुंबक फिरवल्यावर भुकटी धावून चिकटू लागली, तर आत धातुरूप लोखंड, मॅग्नेटाइट किंवा मॅगेमाइट आहे असे समजावे. शुद्ध एलएफपी घरातल्या तापमानाला साध्या चुंबकाकडे असे झेपावत नाही.

मोजणी

आपल्याकडच्या बहुतेक यंत्रांत तांब्याची नळी असते. लोखंडाच्या नमुन्यासाठी ही निवड गैरसोयीची आहे, कारण तांब्याच्या के-अल्फा क्ष-किरणांची ऊर्जा ८.०५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, तर लोखंडाची शोषण-सीमा ७.११ आहे. त्यामुळे लोखंड ते किरण शोषून स्वतःच चमकू लागते आणि आलेखाचा तळ उंचावतो. कोबाल्टच्या नळीची ऊर्जा ६.९३ असल्याने हा त्रास टळतो. ती उपलब्ध नसल्यास मोनोक्रोमेटर (एकाच तरंगलांबीचे किरण निवडणारा भाग) आहे का किंवा डिटेक्टरची ऊर्जा-मर्यादा आवळता येते का, ते यंत्र चालवणाऱ्यांना विचारावे. हे विचारायला संकोच वाटू देऊ नये. एका केंद्रातून आमचा नमुना पाच मिनिटांच्या घाईच्या मोजणीनंतर परत आला आणि त्यातून कणभरही निष्कर्ष निघाला नाही. पदार्थाची केवळ ओळख पटवायची असेल तर तसा आलेख पुरतो, पण रचना अभ्यासायची असेल तर १० ते किमान ९० अंशांपर्यंत, ०.०२ अंशाच्या किंवा त्याहून लहान टप्प्याने, काही तासांची सावकाश मोजणी हवी, हे अर्जातच स्पष्ट लिहावे.

नमुना भरण्याकडे जितके लक्ष द्यावे तितके थोडे. भुकटी अगेटच्या खलात हलक्या हाताने घोटावी, खोलगट धारकात भरावी आणि पृष्ठभाग धारकाच्या कडेशी अचूक समपातळीत आणावा. तो ०.१ मिलिमीटर खाली राहिला, तर २०० मिलिमीटर त्रिज्येच्या यंत्रात १७ अंशांजवळचा पीक सुमारे ०.०६ अंशाने सरकतो आणि त्या एका पीकवरून काढलेला ए अक्ष १०.३३ ऐवजी १०.३६ येतो. लिथियम मँगनीज फॉस्फेटचा ए अक्ष साधारण १०.४५ आहे हे लक्षात घेतले, तर केवळ भुकटी नीट न भरल्यामुळे नमुन्यात पाव हिश्शाहून अधिक मँगनीज आहे असा भास होऊ शकतो. यावर खात्रीचा उपाय म्हणजे थोडी शुद्ध सिलिकॉनची भुकटी मिसळणे. तिचा पहिला पीक २८.४४ अंशांवर यायला हवा, तो जितका सरकला असेल तितकी चूक उघड होते.

हायड्रोथर्मल पद्धतीने (बंद भांड्यात दाबाखालील गरम पाण्यात) केलेल्या नमुन्यांत कण बहुधा चपट्या पाट्यांसारखे असतात आणि त्यांची रुंद बाजू बी अक्षाला काटकोनात असते. वरून दाबून भरल्यास सगळ्या पाट्या आडव्या होतात आणि काही पीक खोटे मोठे दिसतात. अशा वेळी भुकटी मागच्या बाजूने भरावी आणि मोजणीच्या वेळी नमुना फिरता ठेवावा.

हाताने करायचा पहिला हिशोब

सॉफ्टवेअर उघडण्याआधी एकदा कागदावर गणित करावे, असा माझा आग्रह असतो. तांब्याच्या किरणांची तरंगलांबी १.५४०६ अँगस्ट्रॉम धरावी. (२००) चा पीक १७.१५ अंशांवर दिसतो. त्याच्या निम्म्याचा साइन ०.१४९१ येतो. ब्रॅगच्या नियमाप्रमाणे १.५४०६ ला ०.१४९१ च्या दुपटीने भागले की प्रतलांतील अंतर ५.१७ मिळते आणि त्याची दुप्पट हा ए अक्ष, म्हणजे १०.३३. नंतर २०.८ अंशांवरच्या (१०१) वरून सी आणि २२.७ अंशांवरच्या (२१०) वरून बी काढावा. बी साठी २९.७ अंशांवरचा ठळक पीक वापरण्याचा मोह होतो, पण तो टाळावा, कारण तेथे (०२०) आणि (२११) जवळजवळ एकमेकांवरच पडतात आणि आपण नेमका कोणता मोजला ते सांगता येत नाही.

तिन्हींचा गुणाकार करून आकारमान काढावे. ही एकच संख्या पुष्कळ बोलते. चांगल्या स्फटिकांत ती २९१ च्या आसपास राहते. ती २९२ च्या पुढे गेली आणि नमुन्यात मँगनीज घातलेले नसेल, तर लोखंड लिथियमच्या जागी गेल्याची शंका घ्यावी. कमी तापमानाला हायड्रोथर्मल पद्धतीने केलेल्या नमुन्यांत सुमारे ७ टक्के लिथियम-जागांवर लोखंड आढळल्याची नोंद आहे, आणि असा नमुना निष्क्रिय वायूत पुन्हा भाजल्यावर ही अदलाबदल कमी होते.

कणाच्या आकारासाठी शेररचे सूत्र वापरावे. यंत्राची स्वतःची रुंदी वजा केल्यावर (२००) पीकची अर्ध्या उंचीवरची रुंदी ०.२ अंश उरली, तर ती ०.००३४९ रेडियन होते आणि आकार साधारण ४० नॅनोमीटर निघतो. हा आकार स्फटिकाच्या ए दिशेतला आहे. बोळ बी दिशेत असल्याने, एकाच पीकवरून ‘कण ४० नॅनोमीटरचा’ असे सरसकट लिहू नये. निरनिराळ्या दिशांचे पीक घेऊन पाहावे.

रिटव्हेल्ड पद्धत

ह्यूगो रिटव्हेल्ड यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्समध्ये न्यूट्रॉनच्या आलेखांसाठी ही पद्धत विकसित केली. तिचे तत्त्व असे की, एकेक पीक सुटा न मोजता गृहीत रचनेवरून संपूर्ण आलेख गणिताने काढायचा आणि तो मोजलेल्या आलेखाशी जुळेपर्यंत रचनेतील संख्या सुधारत जायच्या. फुलप्रॉफ आणि जीएसएएस-२ ही दोन्ही सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात. रचना फिरवून पाहण्यासाठी व्हेस्टाही विनामूल्य आहे, आणि आरंभीची सीआयएफ (रचनेच्या माहितीची) फाइल क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेसमधून घेता येते. महागडी सदस्यता नाही म्हणून काम अडावे असे आता काही राहिलेले नाही.

आरंभीच्या मॉडेलमध्ये लिथियम (०, ०, ०) वर, लोखंड साधारण (०.२८, ०.२५, ०.९७) वर आणि फॉस्फरस (०.०९, ०.२५, ०.४२) वर असतो, ऑक्सिजनच्या तीन वेगळ्या जागा असतात. सगळे घटक एकदम मोकळे सोडू नयेत. आधी मापन-गुणक आणि आलेखाचा तळ, मग नमुन्याच्या उंचीची दुरुस्ती आणि युनिट सेल, त्यानंतर पीकचा आकार, मग अणूंच्या जागा आणि सर्वात शेवटी कंपनाचे घटक (अणू आपल्या जागी किती हलतो ते) व जागांची भरती (कोणत्या जागेवर कोणता अणू किती आहे ते), असा क्रम ठेवावा. शून्य-कोनाची चूक आणि नमुन्याची उंची या दोन्ही दुरुस्त्या एकाच वेळी सोडल्यास त्या एकमेकींशी भांडतात, म्हणून एकच निवडावी.

आता मुख्य मुद्दा. लिथियममध्ये तीनच इलेक्ट्रॉन असल्यामुळे क्ष-किरणांना ते जवळजवळ दिसत नाही, असे पुस्तकात वाचून विद्यार्थी लिथियमची जागा तशीच सोडून देतात. पण येथे आपल्याला त्या जागेवर घुसलेले लोखंड शोधायचे असते, आणि लोखंडाजवळ २६ इलेक्ट्रॉन आहेत. शंभरात तीन जागांवर लोखंड बसले, तर त्या जागेची सरासरी ३ वरून ३.६९ वर जाते. म्हणजे जवळपास पाव पटीने वाढ. चांगल्या आलेखात ही वाढ पकडता येते. आधी तेथे शुद्ध लिथियम ठेवून पाहावे. कंपनाचा घटक ऋण किंवा संशयास्पद लहान येऊ लागला, तर त्या जागेवर अधिक इलेक्ट्रॉन आहेत असे आलेखच सांगत असतो. मग त्या जागेवर लोखंड आणि लिथियम दोन्ही ठेवून त्यांची बेरीज १ राहील असे बंधन घालावे, लोखंडाच्या जागेवर तितकेच लिथियम जाऊ द्यावे, आणि त्या वेळी कंपनाचे घटक वाजवी मूल्यावर बांधून ठेवावेत. ही दोन्ही मूल्ये एकत्र मोकळी सोडली, तर एकाची चूक दुसरा झाकतो.

जुळणीच्या आकड्यांनी हुरळून जाऊ नये. लोखंडाच्या चमकण्याने तळ उंचावलेला असेल, तर आरडब्ल्यूपी हा जुळणीतील तफावतीचा आकडा आपोआप लहान येतो, कारण उंच तळ जुळवणे सोपे असते. आकड्यापेक्षा फरकाची रेषा (मोजलेल्या आणि गणिताने काढलेल्या आलेखांतील फरक) डोळ्यांनी पाहावी आणि बंधांची लांबी तपासावी: फॉस्फरस-ऑक्सिजन १.५५ अँगस्ट्रॉमच्या जवळ आणि लोखंड-ऑक्सिजन साधारण २.०६ ते २.२५ च्या दरम्यान यायला हवेत. फॉस्फरस-ऑक्सिजन १.७ येत असेल, तर जुळणी कितीही देखणी असली तरी रचना चुकली आहे.

अपद्रव्यांपैकी हेमॅटाइट सहज दिसते. आयर्न फॉस्फाइड मात्र लबाड आहे. जास्त तापमानाला कार्बनच्या सान्निध्यात ते तयार होते आणि त्याचा मुख्य पीक ४०.३ अंशांवर, एलएफपीच्याच पीकच्या आडोशाला बसतो. लिथियम फॉस्फेटचे अणू हलके असल्याने थोड्या प्रमाणात ते लपून राहते. एखाद-दुसऱ्या टक्क्याखालील भेसळ घरच्या एक्सआरडीत बहुधा दिसत नाही, म्हणून ‘नमुना शुद्ध आहे’ असे न लिहिता ‘इतर पदार्थाचा पीक आढळला नाही’ असे लिहावे.

लिथियम काढल्यावर

रचना कशी बदलते ते पाहण्यासाठी बॅटरीच जोडली पाहिजे असे नाही. भुकटी पोटॅशियम परसल्फेटच्या पाण्यातील द्रावणात ढवळली तरी लिथियम बाहेर पडते. हात आणि डोळे सांभाळून हे महाविद्यालयातही करता येते. पूर्ण लिथियम गेल्यावर उरणाऱ्या आयर्न फॉस्फेटचे अक्ष साधारण ९.८२, ५.७९ आणि ४.७८ असतात. ए आणि बी आकुंचन पावतात, सी मात्र किंचित वाढतो, आणि एकूण आकारमान सुमारे ६.७ टक्क्यांनी घटते.

अर्धेच लिथियम काढल्यास (२००) चा पीक १७.१५ आणि १८.०५ यांच्या मधोमध येईल अशी अपेक्षा असते. सामान्य आकाराच्या कणांत तसे होत नाही. दोन्ही पीक आपापल्या जागी उभे राहतात आणि एकाची उंची घटत दुसऱ्याची वाढत जाते, कारण लिथियमने भरलेला आणि रिकामा असे दोन वेगळे पदार्थ एकत्र नांदत असतात. या बॅटरीचा विद्युतदाब लिथियमच्या तुलनेत ३.४ व्होल्टच्या आसपास इतका सपाट राहतो, त्यामागे हेच दुहेरी अस्तित्व आहे. रिटव्हेल्डने दोन्ही पदार्थांचे वजनी प्रमाण काढले की किती लिथियम निघाले ते थेट मिळते. अतिशय बारीक कणांत ही सीमारेषा पुसट होते.

बाहेरची दारे

लोखंड फेरस (दोन धनभारांचे) आहे की फेरिक, हे मॉसबॉअर (लोखंडाच्या गॅमा-किरण शोषणाच्या) वर्णपटाने सर्वात स्वच्छ कळते: एलएफपीतील फेरस लोखंडाच्या जोडरेषेचे विभाजन ३ मिलिमीटर प्रतिसेकंदाच्या जवळ, तर लिथियम काढलेल्या फेरिकचे १.५ च्या जवळ असते. रमण वर्णपटात फॉस्फेटची ठळक रेषा ९५० प्रति सेंटीमीटरच्या आसपास दिसते, पण लेसरची शक्ती अगदी कमी ठेवावी. नाहीतर मोजता मोजताच नमुना जळतो आणि हेमॅटाइटच्या रेषा दिसू लागतात.

लिथियम स्वतः पाहायचे असेल तर न्यूट्रॉनला पर्याय नाही. त्यासाठी मुंबईच्या तुर्भे (ट्रॉम्बे) येथील ध्रुव अणुभट्टी, आणि अधिक तीव्र क्ष-किरणांसाठी इंदूरचे इंडस-२ सिंक्रोट्रॉन, ही दोन्ही मराठवाड्यातून रेल्वेने किंवा एसटीने जाण्याजोगी ठिकाणे आहेत. यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमच्या माध्यमातून विद्यापीठांतील संशोधकांना अशा सुविधांसाठी प्रस्ताव पाठवता येतो. न्यूट्रॉनसाठी चिमूटभर भुकटी पुरत नाही, काही ग्रॅम लागते. शिवाय नैसर्गिक लिथियमचा सुमारे साडेसात टक्के भाग असलेले लिथियम-६ न्यूट्रॉन गिळून टाकते, त्यामुळे मोजणी लांबते. शक्य असल्यास लिथियम-७ ने समृद्ध केलेल्या क्षारापासून नमुना करावा. प्रस्तावासोबत घरच्या एक्सआरडीचा रिटव्हेल्ड आलेख, फरकाची रेषा, आकारमान, लिथियमच्या जागेवरील लोखंडाचे प्रमाण आणि प्रत्येक संख्येची अनिश्चितता जोडावी, आणि त्याच खेपेत तयार झालेला दहा ग्रॅम नमुना डेसिकेटरमध्ये तारीख टाकून राखून ठेवावा, कारण वेळ मिळेपर्यंत पावसाळा उलटून गेलेला असतो.